पहिल्या तुकडीतले महादेवराव



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी आधी आपल्या वर्गाच्या गमतीजमती लिहायला बसलो. मग लक्षात आले की त्या सगळेच लिहिणार. मधली सुट्टी, पी.टी.चा तास आणि सहलीची बंद पडलेली एस.टी. यांवर निदान दहा लेख तरी येतील. माझे आयुष्य कोर्टात गेले, म्हणून कोर्टातल्याच एका माणसाबद्दल लिहायचे ठरवले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर जेमतेम दीड पान होते. जन्म, मृत्यू, स्थापन केलेल्या संस्था, आणि धड्याखाली 'टीपा लिहा'. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्या टीपेला पाचपैकी साडेतीन गुण मिळाले की आपण खूश असायचो.

त्यांच्याबद्दल स्मरणिकेत लिहायचे कारण असे, की तेही कोणाचे तरी वर्गबंधू होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. ते चौघे होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही एल्फिन्स्टनचे. आपल्या वर्गाचा फोटो काढताना मागची रांग बाकावर उभी करावी लागली होती, या तुकडीचा फोटो काढला असता तर एका बाकावर भागला असता. पण त्या एका बाकावरच्या मंडळींनी पुढची चाळीस वर्षे एकमेकांना धरून जे केले, ते पाहिले की स्नेहमेळावा या शब्दाचा अर्थ मला थोडा निराळा वाटू लागतो.

रानड्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीला लागले, त्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. मूल अबोल, अंगाने स्थूल. बोलायला उशीर, हालचाल संथ. हा मुलगा पुढे काय करणार, याची आईला काळजी वाटे. एक गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. सोंगट्या खेळायला कोणी भिडू मिळेना, म्हणून हा मुलगा वाड्यातल्या खांबाला भिडू करून खेळायला बसला. उजव्या हाताने एकाचे दान टाकायचे, डाव्या हाताने दुसऱ्याचे. खेळ संपला तेव्हा खांब जिंकला होता आणि महादेव हरला होता. पाहणारे हसले. मुलाला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही, कारण जे दान खांबाचे पडले ते खांबाचेच होते. वकिलीच्या धंद्यात मी अनेक न्यायाधीश पाहिले. मुक्या पक्षकाराचे दान त्याच्याच नावावर लिहिणारा माणूस किती दुर्मिळ, ते मला चांगले माहीत आहे.

चौदाव्या वर्षी, १८५६ साली, ते शिकायला मुंबईत आले. हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी सरकारने हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. त्या एका कायद्याची सावली या माणसाच्या सगळ्या आयुष्यावर पडायची होती.

एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी इतके वाचले की डोळे बिघडले. काही महिने डोळ्यांवर पट्टी बांधून राहावे लागले, तेव्हा दुसऱ्यांकडून पुस्तके वाचवून घेतली. पुढे जन्मभर दृष्टी अधूच राहिली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा हा आवडता विद्यार्थी. पण त्याने एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना करून इंग्रजांना कमी लेखले, तेव्हा ग्रँटसाहेबांनी त्याची शिष्यवृत्ती काही महिने बंद केली. विद्यार्थ्याने मत बदलले नाही, आणि गुरूबद्दलचा आदरही कमी होऊ दिला नाही. आपल्या गुरुजनांपैकी काहींना हे वाचून आपले काही विद्यार्थी आठवतील. शिष्यवृत्ती मात्र आमच्यापैकी फारशा कोणाला नव्हतीच, त्यामुळे बंद होण्याचा प्रश्न आला नाही.

बी.ए. झाल्यावर १८६४ साली एम.ए. आणि १८६६ साली एल्एल.बी. शिकताना शिकवणेही चालू होते. 'इंदुप्रकाश' या पत्राची इंग्रजी बाजू त्यांनी सांभाळली. मराठी बाजू विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांच्याकडे होती. अक्कलकोट आणि कोल्हापूर या संस्थानांत थोडी नोकरी झाली, मग एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन. मुंबईत १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला, त्यात हे चारही वर्गबंधू पुन्हा एकत्र आले. भांडारकर संस्कृतचे पंडित झाले, वागळे वकिलीत गेले, मोडक शिक्षणखात्यात, रानडे न्यायखात्यात. वाटा चार, पण रविवारची उपासना आणि तुकोबांचे अभंग एक.

आता त्या कायद्याकडे येऊ. १८५६ चा कायदा कागदावर होता. त्याने विधवेच्या लग्नाला वैधता दिली, तिच्या मुलांना औरस ठरवले. सोबत एक काटाही ठेवला: पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जाई. तरीही कायद्याने दार उघडले होते, एवढे खरे. पण त्या दारातून जायला कोणी धजत नव्हते, कारण दार सरकारचे होते आणि उंबरठा घरचा. विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाहासाठी मंडळ काढले, त्यात रानडे होते. १८६९ च्या जून महिन्यात मुंबईत या मंडळींनी वेणूबाई या विधवेचा पांडुरंग विनायक करमरकर यांच्याशी विवाह लावून दिला. शंकराचार्यांकडून बहिष्कार आला. विवाहाला उघड पाठिंबा देणाऱ्यांत रानड्यांचे नाव होते, तेही बहिष्कृतांत जमा झाले. पुढच्या वर्षी पुण्यात या प्रश्नावर शास्त्रार्थ झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. खालच्या कोर्टात दावा हरलेल्या वकिलासारखे हे लोक परतले आणि पुन्हा कामाला लागले.

१८७१ च्या अखेरीस रानडे पुण्याला सबजज्ज म्हणून आले. वय २९. पुण्यात सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी सुरू झाली होती आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचा गाडा ओढत होते. रानडे सरकारी नोकर, त्यामुळे पुढे उभे राहणे शक्य नव्हते. ते मागे बसून अर्ज लिहीत, आकडे जुळवत, शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करवून घेत. १८७५ साली स्वामी दयानंद पुण्यात आले, तेव्हा त्यांच्या मिरवणुकीत रानडे आणि जोतीराव फुले दोघेही होते. विरोधकांनी चिखल उडवला. न्यायाधीशसाहेब चिखलाने भरलेल्या कपड्यांनी घरी आले. वसंत व्याख्यानमालाही त्याच साली त्यांनी सुरू केली. ती आजही पुण्यात भरते.

इथपर्यंतचा मजकूर आपल्या पुस्तकातल्या टीपेत बसण्यासारखा आहे. आता जे लिहितो ते टीपेत नव्हते, आणि त्यासाठीच मी लेखणी उचलली.

रानड्यांचे पहिले लग्न लहानपणीच झाले होते. पत्नी सखूबाई क्षयाने १८७३ च्या ऑक्टोबरात गेल्या. रानडे ३१ वर्षांचे. मूलबाळ नाही. सगळ्या महाराष्ट्राला माहीत होते की विधवाविवाहाचा हा मोठा पुरस्कर्ता आहे. मित्रांना वाटले, आता हा स्वतःच उदाहरण घालून देईल. वडिलांनाही नेमके तेच वाटले आणि त्याचीच त्यांना धास्ती पडली. त्यांनी घाईघाईने स्थळ पाहिले. सातारा भागातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची मुलगी, माहेरचे नाव यमुना, वय ११ वर्षे.

मुलाने नकार दिला. लग्नच नको म्हणाला. निदान काही महिने थांबा म्हणाला. वडिलांनी ऐकले नाही. आपले ऐकायचे नसेल तर आपण घर सोडून कोल्हापूरला निघून जाऊ, संबंध संपला, असा पेच त्यांनी घातला. घरात विधवा बहीण होती, सावत्र आई होती, धाकटे भाऊ होते. रानडे वडिलांसमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. ते वाकले. सखूबाई गेल्या त्याच वर्षाच्या डिसेंबरात लग्न झाले. लग्नाच्या दिवशी ते कोणाशी मोकळेपणाने बोलले नाहीत, आणि घरी येताच आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसले. त्यांच्या पत्नीनेच हे पुढे लिहून ठेवले आहे.

मी वकील आहे, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. बचावाची बाजू अशी, की त्या काळी बापाच्या शब्दापुढे मुलाचे काही चालत नसे. घर फुटले असते. म्हाताऱ्या बापाचे मन मोडायचे आणि समाजाला शहाणपण शिकवायचे, हेही योग्य दिसले नसते. हे सगळे खरे आहे. आता समोरची बाजू. हा माणूस सामान्य मुलगा नव्हता. त्याच्या शब्दावर विसंबून दुसऱ्यांनी बहिष्कार ओढवून घेतला होता, करमरकर दांपत्याने तर सगळे आयुष्यच पणाला लावले होते. कायदा त्याच्या बाजूने, नोकरी पक्की, मित्र पाठीशी. एवढे असून जो उभा राहिला नाही, त्याच्याकडे पाहून किती जणांनी आपले पाऊल मागे घेतले असेल? त्या वेळी वर्तमानपत्रांनी आणि मित्रांनी त्यांना बोल लावले, त्यात चूक काही नव्हते. आणि या दाव्यात एक पक्षकार असा होता, की त्याची कैफियत कोणी घेतलीच नाही. ती अकरा वर्षांची मुलगी. खांबाचे दान खांबाच्या नावावर लिहिणारा मुलगा मोठा झाला, आणि घरातल्या सर्वांत मुक्या भिडूचे दान त्या दिवशी कोणीच पाहिले नाही.

इथे आणखी एका वर्गबंधूची गोष्ट सांगायला हवी. भांडारकर रानड्यांपेक्षा साडेचार वर्षांनी मोठे, स्वभावाने कडक. त्यांची स्वतःची मुलगी विधवा झाली, तेव्हा १८९१ साली, लोकनिंदा सोसून, त्यांनी तिचा पुनर्विवाह करून दिला. एकाच बाकावरचे दोघे, एकाच समाजमंदिरात प्रार्थना करणारे. एकाला घरात जे जमले नाही ते दुसऱ्याने करून दाखवले. तरीही दोघांमधले नाते तुटले नाही. भांडारकरांनी मित्राला सोडले नाही आणि रानड्यांनी मित्रासमोर स्वतःची बाजू रंगवली नाही. वर्गबंधू असावा तो असा, असे मला वाटते.

त्या लग्नानंतर काय झाले, तेही नीट पाहिले पाहिजे. यमुनेची रमा झाली. तिला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी लग्नानंतर लगेचच तिला शिकवायला सुरुवात केली. दिवसभर कोर्ट, संध्याकाळी सभा, आणि रात्री मुळाक्षरे. मराठी झाले, मग इंग्रजी सुरू झाले. घरातल्या बायकांना हे मुळीच आवडले नाही. दिवसभर टोमणे, कामे मुद्दाम वाढवलेली, पुस्तक हाती दिसले की नाक मुरडणे. नवरा रात्री शिकवणार, दिवसा ती एकटी सोसणार. रमाबाई वरून उत्तर देत नसत आणि धडा चुकवत नसत. तो अभ्यास किती महाग पडला असेल, हे या स्मरणिकेतल्या अनेक भगिनींना मी सांगायला नको. आपल्यातल्याही काही जणींनी संसार सांभाळून, सासरचे बोलणे ऐकत डी.एड. आणि बी.ए. केले आहे.

१८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेच हुजूरपागा. ते काढण्यात रानडे पुढे होते, भांडारकर आणि मोडक त्यांच्या सोबत होते. पुन्हा तीच तुकडी. त्या शाळेच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. देवराष्ट्र्याहून आलेल्या त्या मुलीला अक्षर कळू लागल्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. सभेहून घरी आल्यावर तिला घरच्या बायकांकडून जे ऐकावे लागले, ते तिने पुढे कडवटपणा न ठेवता लिहिले.

कोर्टातल्या कामाबद्दल आता थोडे, कारण माझ्या दृष्टीने रानड्यांचा खरा अभ्यास तिथे दिसतो. १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावापासून सुरुवात होऊन पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. लोकांनी माणसे मारली नाहीत. कर्जरोखे आणि वह्या ओढून काढल्या व जाळल्या. कोर्टात जे होत होते त्याला हे उत्तर होते. शेतकऱ्याला वाचता येत नसे. सावकार खत लिहून आणी, अंगठा घेई, मुदत संपली की व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करी. मग दावा, शेतकरी गैरहजर, एकतर्फी हुकूमनामा आणि जमिनीवर जप्ती. कागद बरोबर, सही बरोबर, निकालही कायद्याने बरोबर, आणि माणूस मात्र उघड्यावर.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास पाहण्याचा अधिकार दिला. मूळ रक्कम किती दिली, व्याज किती, फेड किती झाली, हा हिशेब पहिल्यापासून काढायचा. हप्ते बांधून द्यायचे. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकायचे नाही. दावा लावण्याआधी समेटाचा प्रयत्न करायचा. रानडे १८८१ पासून या कायद्याखालच्या कामावर होते आणि पुढे त्याचे विशेष न्यायाधीश झाले. तालुक्यातालुक्याला जाऊन खालच्या कोर्टांची कागदपत्रे तपासायची, चुका दाखवायच्या, असे ते काम. वर्षातले कितीतरी महिने मुक्काम हलता. रमाबाई बरोबर असत, आणि मुक्कामाच्या ठिकाणी धडेही चालूच.

कागदापलीकडचा माणूस पाहायचा, ही या कायद्याची मूळ गोष्ट. ती रानड्यांना मानवली यात नवल नाही. स्वतःच्या आयुष्यात ज्या दिवशी सगळे रीतसर झाले होते, मुहूर्त बरोबर, विधी बरोबर, त्याच दिवशी अन्याय कसा होतो हे त्यांनी आतून पाहिले होते. हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणून दाखल करण्याजोगा नाही. पण मला तो पटतो.

सरकारचा त्यांच्यावर मात्र विश्वास नव्हता. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले आणि पुण्यात बुधवारवाडा जळाला, तेव्हा रानड्यांवर संशयाची नजर गेली. आदल्या वर्षी नाशिकला बदली झालीच होती, आता धुळ्याला झाली. त्यांचा टपाल तपासला जाई. बंडखोरांच्या नावाने बनावट पत्रेही त्यांना आली. ती त्यांनी उघडपणे पोलिसांच्या हवाली केली. मित्र म्हणाले, नोकरी सोडा. त्यांनी ती सोडली नाही आणि तक्रारही केली नाही. हळूहळू संशय मावळला.

वाकण्याचा दुसरा प्रसंग १८९० चा. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये बोलावलेल्या मंडळींपुढे चहा ठेवला गेला. टिळक होते, गोखले होते, रानडे होते. नावे छापून आली आणि ग्रामण्य उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःला त्याची गरज वाटत होती असे नाही. पण बरोबरच्या मित्रांच्या घरी लग्नकार्ये आणि श्राद्धे अडली होती, आईबाप रडत होते, आणि रानड्यांनी घेतले तर त्यांना घेणे सोपे जाणार होते. सुधारक चिडले. रमाबाईंनाही ते आवडले नाही आणि त्यांनी ते लपवले नाही. ज्या मुलीचे मत १८७३ साली कोणी विचारले नव्हते, तिला आता स्वतःचे मत होते आणि नवऱ्याविरुद्ध ते बाळगण्याची हिंमतही होती. या घरात शिक्षणाने काय केले, याचा याहून मोठा दाखला कोणता?

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग अकाली गेले आणि त्यांच्या जागी नोव्हेंबरात रानडे मुंबई हायकोर्टावर आले. पुण्याने त्यांना मोठ्या थाटाने निरोप दिला; त्यात त्यांच्यावर टीका करणारेही होते. हायकोर्टातली सात वर्षे कामाची गेली. निकाल, सामाजिक परिषद, अर्थशास्त्रावरचे निबंध, मराठ्यांच्या उदयावरचे पुस्तक, आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला जागा मिळावी म्हणून चिवट खटपट. आज आपण मराठी विषय घेऊन पदवीपर्यंत शिकू शकतो, त्यामागे त्या खटपटीचाही वाटा आहे.

१९०० च्या डिसेंबरात लाहोरला सामाजिक परिषद होती. छातीचा विकार बळावला होता, डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितले. १८८७ साली परिषद सुरू झाल्यापासून त्यांना जाता आले नाही असे हे पहिलेच वर्ष. जानेवारीत त्यांनी कामावरून रजा घेतली, आणि १६ जानेवारी १९०१ च्या रात्री ते गेले. साठावे वर्ष लागायला दोन दिवस कमी होते.

त्यांच्या मागे रमाबाई राहिल्या, ३८ वर्षांच्या. स्वतःचे मूल नव्हते. काही काळ त्या कोशात गेल्या. मग हळूहळू बाहेर आल्या आणि पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे केले. विधवा, परित्यक्ता, शाळा अर्धी सुटलेल्या अशा बायका तिथे शिकल्या. कोणी परिचारिका झाल्या, कोणी शिक्षिका. १९१० साली त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या पुस्तकातून आपल्याला त्या लग्नाच्या रात्रीचे बंद दार कळते, ते तेच. नवऱ्यावर त्यांचे अपार प्रेम होते, तरी जे घडले ते त्यांनी झाकले नाही. सदतीस वर्षे उशिरा का होईना, त्या पक्षकाराची कैफियत दाखल झाली, आणि ती लिहिण्याइतके शिक्षण तिला प्रतिवादीनेच दिले होते.

निकाल काय द्यावा? मी इतकी वर्षे विचार केला, मला देता आला नाही. १८७३ ची चूक होती. ती पुढच्या सत्तावीस वर्षांनी पुसली, असे मी म्हणणार नाही. चूक पुसली जात नसते. पण एकदा वाकलेला माणूस त्या वाकण्याची लाज स्वतःपाशी ठेवून रोज रात्री दिव्याजवळ बसून एका मुलीला शिकवतो, आणि मग तसल्या शेकडो मुलींसाठी शाळा उभी करतो, हेही तितकेच खरे. स्मरणिकेत आपण गेलेल्यांबद्दल नेहमी चांगलेच लिहितो. सगळे लिहिले तरी माणूस मोठाच राहतो, हे मला रानड्यांनी शिकवले.

शेवटी एक घरचीच गोष्ट. या लेखासाठी जुना अल्बम काढला तेव्हा आपल्या वर्गाचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, एक आठवीचा आणि एक दहावीचा. मुले तेवढीच आहेत. मुली कमी झाल्या आहेत. दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाला उभी असलेली, गणितात मला नेहमी मागे टाकणारी मुलगी दहावीच्या फोटोत नाही. नववीत तिचे लग्न झाले. आपण सगळे लाडू खाऊन आलो होतो. तेव्हाही कायदा होता, आणि तेव्हाही कोणी तिला विचारले नव्हते. आम्ही मित्रांनीही नाही.

स्नेहमेळाव्याच्या निमंत्रणाची यादी दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे, असे मला कळले. माझी संपादक मंडळाला आणि आपल्या सर्वांना विनंती आहे: यादी आठवीच्या हजेरीपटावरून करा. ज्या भगिनी मधेच गेल्या, त्यांना शोधून बोलवा. काही आजी झाल्या असतील, काही दुरून येतील, काही येणारही नाहीत. पण त्यांचेही दान त्यांच्या नावावर लिहिले पाहिजे.

आपला एक वर्गबंधू